समास सुटला वाशिमला

मालिकावाल्यांना आणि वेबसिरीजवाल्यांना सध्या एक साचा भलताच मानवलाय. दोन अनोळखी माणसं, भाड्याचं एकच घर, एकच गॅस आणि एकच बाथरूम. एकाला चमचे उंचीनुसार लावल्याशिवाय झोप येत नाही आणि दुसऱ्याचा ओला टॉवेल जन्मापासून गादीवरच वाळत आलेला. पहिले काही भाग नुसती खडाजंगी. मग कोणाला तरी ताप भरतो, दुसरं माणूस कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवतं, आणि तिथून प्रेम जे मुरायला लागतं ते निर्मात्याचा करार संपेपर्यंत मुरत राहतं. या साच्याबद्दल आपल्याकडे दोन मतं आहेत. वडीलधारे म्हणतात, हे परदेशी खूळ आहे. मुलगा-मुलगी एका खोलीत राहतीलच कशी, घरमालक काय झोपलाय? तरुण मंडळीही म्हणतात की हे कोरियातून आलं, फक्त ती ते कौतुकाने म्हणतात. आता वडीलधारे आणि तरुण यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं की ती गोष्ट एकदा तपासून घ्यावी. तपासली तर असं दिसतं की भांडकुदळ सुरुवातीच्या आणि सावकाश मुरलेल्या प्रेमाची एक कथा आपल्याकडे हजार-अकराशे वर्षांपूर्वीच तपशीलवार लिहून ठेवलेली आहे. कुठे कुठे मुक्काम झाला, नायिकेने काय घातलं होतं, कुठल्या मुक्कामी नायकाचा राग किती उतरला, याची त्यात नोंद आहे. आणि लग्न कुठे लागलं तेही आहे. ते लागलं वत्सगुल्म नगरात. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशिम. कोरिया नव्हे, पुणेसुद्धा नव्हे.

लिहिणारा राजशेखर. इसवी सन ९००च्या आगेमागे कनौजच्या प्रतिहार दरबारी असलेला कवी आणि नाटककार. ग्रंथाचं नाव ‘काव्यमीमांसा’. कविता कशी करावी, कोणाची किती ढापावी, कवीने दिवसाचं वेळापत्रक कसं आखावं, असल्या अत्यंत व्यवहारी प्रश्नांवरचा हा ग्रंथ १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतलं पहिलं पुस्तक म्हणून छापला गेला. त्याच्या तिसऱ्या अध्यायात ही गोष्ट येते. सरस्वतीला मुलगा हवा होता. तिने हिमालयात तप केलं आणि काव्यपुरुष जन्मला. हे बाळ जन्मल्याजन्मल्या छंदात बोललं. त्याचं शरीर शब्द आणि अर्थ यांचं, मुख संस्कृत, बाहू प्राकृत, कंबर अपभ्रंश आणि पाय पैशाची. असला बायोडाटा घेऊन कुठल्या वधूवर सूचक मंडळात उभं राहावं हा प्रश्नच आहे. पुढे एकदा ब्रह्मदेवाच्या सभेत वाद निवडायला सरस्वतीला बोलावणं आलं. मुलगा म्हणाला मीही येतो, आई म्हणाली तुला परवानगी नाही, आणि चिरंजीव फणफणत घर सोडून निघाले. त्याचा मित्र कार्तिकेय, त्याने भोकाड पसरलं. पोराला गप्प कसं करावं या विवंचनेत गौरीने विचार केला की प्राण्याला बांधून ठेवायला प्रेमासारखं दुसरं दावं नाही. आणि तिने तिथल्या तिथे साहित्यविद्यावधू निर्माण केली. तिला सांगितलं, तो बघ तुझा नवरा रागारागाने चाललाय, जा आणि परत आण. म्हणजे नवरीला नवरा पहिल्यांदा दिसला तो पाठमोरा.

इथून खरी मौज. दोघं पूर्वेकडे गेली. अंग, वंग, पुंड्र असा तो मुलूख. तिने तिथे ओलं चंदन लावलं, सुताचा हार घातला, पदर भांगापर्यंत घेतला. नाच, गाणं, वाद्य सगळं केलं. तो वश झाला नाही. मग पांचालात. तिथे गालावर हेलकावणारी कर्णभूषणं, नाभीपर्यंत लोंबणारा मोत्यांचा हार. तो थोडासा विरघळला. मग अवंती. तिथला पेहराव राजशेखर मिश्र सांगतो: पुरुष पांचालांच्या थाटात आणि बायका दक्षिणेच्या थाटात. म्हणजे तो अजून मागच्याच मुक्कामात अडकलेला आणि ती पुढच्या मुक्कामाला पोचलेली. संसाराचं इतकं अचूक चित्र अवंतीखेरीज फारसं कुठे काढलेलं नाही. शेवटी दक्षिण. मुळापासून वळवून बांधलेले केस, कपाळावर कुरळ्या बटा, घट्ट खोचलेली नीवी. आणि इथे तो पुरता वश झाला. विदर्भात कामदेवाचं क्रीडास्थान असलेलं वत्सगुल्म नावाचं नगर आहे, असं सांगून राजशेखर तिथे त्यांचा गांधर्व विवाह लावून मोकळा होतो.

एवढ्यावर ही एक गोड पुराणकथा म्हणून सोडून देता आली असती. पण राजशेखराने प्रत्येक मुक्कामी एक मोजमाप केलेलं आहे, आणि माझा सगळा भर त्याच्यावर आहे. त्याने नायकाची वाक्यं मोजली. पूर्वेला काव्यपुरुष बोलला ते समासांनी गच्च आणि अनुप्रासांनी ठासलेलं. ती गौडी रीती. पांचालात समास कमी झाले, अनुप्रासही आटोक्यात आले, ती पांचाली. आणि दक्षिणेत तो समास टाकून, जागच्या जागी अनुप्रास ठेवून बोलला; ती वैदर्भी. काव्यशास्त्राचे विद्यार्थी या तीन रीती परीक्षेसाठी पाठ करतात आणि पेपर झाल्यावर विसरतात, कारण त्यांना हे कोणी सांगत नाही की हा एका रागावलेल्या माणसाचा ताप उतरल्याचा तक्ता आहे. तापट प्रेमकथांच्या लेखकांना वाटतं की राग जाऊन प्रेम आलं हे नजरेवरून ओळखावं. म्हणून कॅमेरा तीन वेळा डोळ्यांवर जातो आणि मागे व्हायोलिन वाजतं. राजशेखराचं म्हणणं वेगळं, आणि मला ते जास्त पटतं: माणूस विरघळतो तेव्हा त्याचे समास सुटतात. रागावलेला माणूस एका दमात सगळं जोडून बोलतो, कारण मध्ये थांबलं तर समोरचा बोलेल. प्रेमात पडलेल्या माणसाला समोरच्याने बोलावं असंच वाटत असतं, म्हणून तो शब्द सुटे ठेवतो.

हे आजच्या वाशिमात तपासून पाहायला कुठल्या ग्रंथाची गरज नाही. भरतीची तयारी करणारी पोरं रिसोडहून, मालेगावहून, मानोऱ्याहून येऊन शहरात खोली करून राहतात. त्यांच्यात प्रेमकथा नसते, पण वैर असतं, आणि वैराचं मूळ एप्रिल-मे महिन्यात बहुतेक एकच असतं: कुलरमध्ये पाणी कोणी टाकायचं. पहिल्या आठवड्यातलं वाक्य असं असतं, ‘काल नळ आले तव्हा म्याच भरला, परवा बी म्याच भरला, अन् तुले भावाचा फोन आला का तू बाहीर ओट्यावर जाऊन बसतं, मंग मी काय तुह्या घरचा नोकर हावो का?’ हे मराठी व्याकरणानुसार समास नसले तरी वृत्तीने गौडीच आहे. श्वास घ्यायला जागा नाही. पावसाळा तोंडावर येईस्तोवर त्याच दोघांतला संवाद ‘भरला?’ ‘हाव.’ एवढा उरतो. ज्या खोलीत हा बदल होत नाही तिथे जूनमध्ये पार्टनर बदलतो. नवरा-बायकोत तर या शुद्ध वैदर्भीची मजल क्रियापदही गळण्यापर्यंत जाते. ‘चहा?’ या एका शब्दात निमंत्रण, माघार, तहाच्या अटी आणि कालच्या भांडणाचा पंचनामा असं सगळं बसतं.

यावर पहिला आक्षेप येणार तो घरमालकाचा. तो म्हणेल, हे दोघं एका छताखाली राहिलेच नाहीत, नुसते हिंडले. मग यांना रूम पार्टनर कसं म्हणायचं? आक्षेप कायदेशीर आहे, पण छत ही या साच्यातली गरजेची वस्तू नाही, सुटका नसणं ही आहे. मुंबईतल्या घराला सुटका नसते कारण डिपॉझिट भरलेलं असतं. साहित्यविद्यावधूला नव्हती कारण गौरीने पाठवलं होतं. हॉलिवूडने १९३४ साली ‘इट हॅपन्ड वन नाइट’मध्ये अशीच एकमेकांवर खार खाणारी जोडी प्रवासाला काढली आणि रात्री खोलीच्या मधोमध दोरीवर चादर टाकून दिली, त्या चादरीला पाच ऑस्कर मिळाले. राजशेखराने चादर वापरली नाही, त्याच्याकडे पूर्व भारत होता. आणि आपल्याकडे छताचा हट्ट धरला की काय होतं ते १९८८च्या ‘अशी ही बनवाबनवी’त दिसलंच आहे: घरमालकीण जोडप्यालाच खोली देणार म्हटल्यावर दोन पुरुषांना साड्या नेसाव्या लागल्या. जिथे खोली मिळवण्यासाठी आधी लग्न दाखवावं लागतं तिथे प्रेम मुरायला रस्ताच बरा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो खुद्द वाशिमच्याच इतिहासातून येतो. नुसतं बरोबर राहून प्रेम होत असतं तर अकोला आणि वाशिम यांचं का झालं नाही? इंग्रजांच्या अमदानीत वाशिम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडला. पुसद यवतमाळच्या वाट्याला गेलं आणि वाशिम अकोल्याच्या घरात नांदायला आलं. त्र्याण्णव वर्षं एका छताखाली, एका कलेक्टरच्या सहीखाली. कचेरीचं काम निघालं की अकोला गाठायचं, शिक्का राहिला म्हणून पुन्हा गाठायचं. आणि १ जुलै १९९८ला दोघं वेगळे झाले, वाशिमचा जिल्हा पुन्हा उभा राहिला. मग कुठे गेला तुमचा सिद्धान्त? उत्तर असं, की राजशेखराने नुसता सहवास पुरेसा आहे असं म्हटलेलंच नाही. त्याच्या गोष्टीत दर मुक्कामाला कोणीतरी बदलतं. ती पेहराव बदलते, तो वाक्य बदलतो. अकोल्याने वाशिमसाठी काय बदललं? आणि वाशिमने तरी अकोल्यासाठी? दोन्ही पक्ष आपापल्या जागी बसून राहिले आणि मधल्या काळात जो पत्रव्यवहार झाला तो सरकारी मराठीत झाला, जिच्यात समास सुटण्याची परंपरा नाही. वेगळं झाल्यानंतर मात्र दोघांचं बरं चाललं आहे, असं या मुलखातलं कोणीही सांगेल.

तिसरा आक्षेप बायकांचा, आणि तो टाळून पुढे जाणं भ्याडपणाचं होईल. या गोष्टीत राबते कोण? नाचणं, गाणं, केस वळवणं, मुलूख बदलला की दागिने बदलणं हे सगळं तिने करायचं, आणि साहेबांनी फक्त टप्प्याटप्प्याने कमी रागावायचं. त्याच्या या कामगिरीची नोंद वश नाही, थोडा वश, पूर्ण वश अशी. तिच्या पायांचं काय झालं असेल याची नोंद नाही. हे खरं आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणता येईल की राजशेखराच्या मांडणीत साहित्याच्या तिन्ही रीती नायकाच्या प्रतिभेतून आलेल्या नाहीत. तिचा प्रयत्न कुठे किती फळला त्यावरून त्या ठरल्या. एका तापट मुलाची समजूत घालण्याच्या खटपटीला त्याने चक्क साहित्याचा भूगोल करून टाकलं. दुसरं असं की याच ग्रंथात तो बजावतो की पुरुषांसारख्या स्त्रियाही कवी होऊ शकतात, कारण संस्कार आत्म्यावर होतो आणि आत्मा बाई का बुवा हे पाहत नाही. दहाव्या शतकाच्या तोंडावर एवढं लिहिणाऱ्या माणसाला थोडी सूट द्यायला हरकत नसावी. सूटच, माफी नव्हे.

आता कोणी म्हणेल, ठीक आहे, पण वाशिमच का? राजशेखराला पगार कनौजचा होता. कनौज पांचालात येतं, आणि पांचालच्या कवींच्या काव्यपठणाचं त्याने तोंडभर कौतुकही केलेलं आहे. दरबारी माणूस धन्याच्या अंगणातच मांडव घालतो. याने मात्र नायकाला पांचालात नुसता थोडासा विरघळवला आणि उरलेला ऐवज विदर्भासाठी राखून ठेवला. घराण्याचा पक्षपात म्हणावा तर त्याला जागा आहे. आपले पणजोबा अकालजलद यांना तो महाराष्ट्राचा चूडामणी म्हणतो. पण वाशिमच्या राजाला खूश करून काही मिळवावं, तर खूश करायला राजाच उरला नव्हता. वत्सगुल्मच्या वाकाटकांची शाखा चौथ्या शतकात सर्वसेनाने सुरू केली आणि अजिंठ्याच्या लेण्यांशी ज्याचं नाव जोडलेलं आहे त्या हरिषेणानंतर, पाचव्या शतकाच्या अखेरीस, ती संपली. म्हणजे मधे चारशे वर्षं गेलेली. एवढ्या काळानंतरही हे नाव त्याच्या जिभेवर होतं याचं कारण नगराची कीर्ती हेच असणार. त्याच्या ‘कर्पूरमंजरी’ या प्राकृत नाटकातही नायिका याच नगरातून आणवली आहे, आणि वैदर्भी रीतीला तो तिथे या गावाच्याच नावाने ओळखतो. त्यातून वत्सगुल्म शाखेचा संस्थापक सर्वसेन स्वतः कवी. त्याचं ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य आज उपलब्ध नाही, पण जुन्या साहित्यशास्त्रज्ञांच्या उल्लेखांवरून त्याचा विषय कळतो: रुसलेल्या सत्यभामेसाठी कृष्णाने स्वर्गातून पारिजात आणला. म्हणजे या गावच्या पहिल्या राजाने राज्य स्थापून झाल्यावर जो विषय हाती घेतला तो रुसवा काढण्याचा. आणि तिथे राबला तो नवरा. तिसऱ्या आक्षेपावरचं माझं उत्तर अपुरं राहिलं होतं, त्यात हे जमा धरावं. ज्या गावाची साहित्यातली ओळखच मनधरणीची होती, तिथे रागावलेल्या काव्यपुरुषाचा शेवटचा समास सुटला यात नवल नाही.

विवाह गांधर्व होता, म्हणून आजच्या वाशिमात तो नोंदवायचा म्हटला तर पंचाईत होईल हे कबूल. १९५४च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे दोघांपैकी एकाचा तरी जिल्ह्यात तीस दिवस मुक्काम हवा, मग तीस दिवसांची नोटीस, मग तीन साक्षीदार. साक्षीदारांची अडचण नाही. गौरीने त्यांच्या मागोमाग ऋषींची फौज पाठवलीच होती, दोघांचं चरित्र गात जायला. अडचण वराच्या पत्त्याची. नोटीस फलकावर लागली असती तर कोणी आक्षेप घेतला असता हेही सांगता येत नाही, कारण मुलाची आई ब्रह्मसभेत व्यस्त होती आणि मुलीची जन्मदात्रीच या लग्नाची सूत्रधार.

पत्त्याचा प्रश्न मात्र राजशेखराने पुढे सोडवला, आणि घरमालकाच्या आक्षेपालाही तिथे परस्पर उत्तर मिळतं. लग्न लागल्यावर दोघं हिमालयात परतली. तिथे गौरी आणि सरस्वती विहिणी-विहिणी म्हणून उभ्या होत्या. जोडप्याने नमस्कार केला, आशीर्वाद मिळाला, आणि दोघींनी मिळून त्यांना राहायला जागा दिली ती कवीच्या मनात. तेव्हापासून ते दोघं तिथे राहतात. आधी लग्न, मग खोली. भाडं नाही, डिपॉझिट नाही, रात्री दहानंतर गेट बंद होत नाही. इथे चौथा आक्षेप घेणारा हसेल आणि म्हणेल की बघा, शेवटी हे रूपकच निघालं; तो म्हणजे कविता, ती म्हणजे साहित्यशास्त्र, यात रक्तामांसाचं प्रेम कुठलं? पण कविता आणि तिचं शास्त्र यांच्याइतके बेजोड आणि एकमेकांवर डोळे वटारणारे रूम पार्टनर दुसरे कुठले दाखवाल? एकाला सगळं आतून उसळून आलेलं हवं, दुसऱ्याला त्याचं वर्गीकरण हवं. एक पहाटे तीनला दिवा लावतो, दुसरा सकाळी वीजबिल दाखवतो. मराठीत कवी आणि समीक्षक यांचे संबंध कसे आहेत हे ज्याला ठाऊक आहे तो या दोघांना एका खोलीत ठेवणाऱ्या विहिणींच्या धाडसाला दाद दिल्याशिवाय राहणार नाही.

राजशेखराला हे धाडस परकं नसावं, कारण त्याच्या घरी तोच प्रकार होता. त्याची बायको अवंतिसुंदरी चाहमान कुळातली, म्हणजे आजच्या भाषेत चौहानांची मुलगी, आणि विदुषी. ‘कर्पूरमंजरी’चा प्रयोग तिच्या इच्छेवरून झाला. ‘काव्यमीमांसे’त तो तिची मतं नाव घेऊन देतो आणि ती मतं बहुधा विरोधाची असतात. परिपक्व कविता कशाला म्हणावं या चर्चेत तो काव्यशास्त्रकार वामनाच्या अनुयायांचं मत मांडतो: शब्द असा बसला पाहिजे की त्याच्या जागी दुसरा चालूच नये. हे मत आजही कवितेच्या कार्यशाळांमध्ये माना डोलावून ऐकलं जातं. अवंतिसुंदरीला ते साफ नामंजूर. मोठ्या कवींना एकाच गोष्टीसाठी अनेक शब्द सुचतात आणि ते सगळे शोभतात. तेव्हा शब्द बदलता येत नाही ही परिपक्वता नसून असमर्थता आहे, असं ती म्हणते. नवऱ्याच्या ग्रंथात, पाहुण्या पंडितांसमोर. त्यानंतर राजशेखर आपलं स्वतःचं मत मांडतो, पण आधी तिचं पूर्ण होऊ देतो. मूळ संस्कृतात तिचं ते वाक्य चार-पाच शब्दांचं आहे. व्याकरणवाल्यांनी बोट ठेवलंच तर त्यात समास एकच निघतो, तोही नकाराचा.